नंबर गेल्यानंतर : लेसरने चष्मा उतरवलेल्यांचे अनुभव

पुण्यात डोळ्यांना लेसर करून घेण्याचा निर्णय बहुतेक वेळा तीन कारणांनी होतो : लग्न, भरती किंवा चष्म्याचा साचलेला वैताग. मुलीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली की घरात कुणीतरी चष्म्याचा विषय काढतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये गणवेशाच्या नोकरीची स्वप्नं बघणारी मुलं वैद्यकीय तपासणीच्या धास्तीने चौकशी करू लागतात. हिंजवडी-खराडीला दुचाकीने जाणाऱ्यांना हेल्मेटमध्ये अडकणारी चष्म्याची काडी आणि पावसात धुरकटलेल्या काचा नकोशा झालेल्या असतात. कारण कुठलंही असो, अपेक्षा एकच असते : नंबर जावा आणि विषय संपावा.

नंबर बहुतेकांचा जातो. विषय मात्र तिथे संपत नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांशी बोललं की दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. बरेच जण म्हणतात, ‘आधीच का केलं नाही?’ थोडे जण म्हणतात, ‘तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, पण डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत.’ पहिल्यांना जाहिरातीत जागा मिळते. दुसऱ्यांची ‘तुमची नजर तर उत्तम आहे’ असं सांगून बोळवण होते. दोघंही खरं बोलत असतात, आणि ते एकाच वेळी खरं कसं असू शकतं हे समजून घेतल्याशिवाय या शस्त्रक्रियेचा निर्णय शहाणपणाने घेता येत नाही.

तीन पद्धती, एकच तत्त्व

डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. डोळ्यात येणारा प्रकाश सर्वांत जास्त तिथे वळतो. त्याची वक्रता थोडी बदलली की चष्म्याचं काम तोच करू लागतो. कोलंबियातल्या बोगोटा शहरात होसे बाराकेर यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर या कल्पनेवर काम सुरू केलं. रशियात स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७०च्या दशकात कॉर्नियावर सुरीने छेद देऊन नंबर कमी करण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्यात नेमकेपणा कमी होता.

तो नेमकेपणा आणण्यात मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांचा मोठा वाटा आहे. नोव्हेंबर १९८१मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी जेम्स वाइन आणि सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांसह एक्झायमर लेसरचा प्रयोग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर केला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील किरण आजूबाजूला न भाजता ऊतींचा अत्यंत पातळ थर उडवत होता. १९८३मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत हे तंत्र कॉर्नियापर्यंत पोहोचलं.

लेसरने कॉर्नियाची वक्रता बदलणाऱ्या तीन पद्धती आज वापरल्या जातात. पीआरके पद्धतीत कॉर्नियावरची सर्वांत वरची त्वचा काढून थेट लेसर मारतात. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा एक पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, कापून उचलतात, खाली लेसर मारतात आणि फ्लॅप परत बसवतात. ग्रीसमध्ये योआनिस पाल्लिकारिस यांनी ही पद्धत १९९०च्या सुमारास रूढ केली. फ्लॅप पूर्वी यांत्रिक पात्याने कापत. आता बऱ्याच ठिकाणी तो फेमटोसेकंद लेसरने कापतात, आणि जाहिरातींमधल्या ‘ब्लेडलेस’चा अर्थ एवढाच. ज्या शोधामुळे असे अतिसूक्ष्म स्पंद शक्य झाले, त्याबद्दल जेरार मूरू आणि डोना स्ट्रिकलंड यांना २०१८चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तिसरी पद्धत स्माइल. तिच्यात कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कोरून काही मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात, फ्लॅप लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पीआरकेला १९९५मध्ये आणि स्माइलला २०१६मध्ये मान्यता दिली.

पुण्यात या तिन्ही पद्धती उपलब्ध आहेत. सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून शिवाजीनगरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीपर्यंत आणि महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयापर्यंत डोळ्यांच्या उपचारांची मोठी परंपरा या शहरात आहे. त्यामुळे सोय कुठे मिळेल याची चिंता पुणेकराला नाही. आपल्याला ती लागू आहे का, हा प्रश्न त्याने विचारायचा आहे.

टेबलावरची काही मिनिटं

शस्त्रक्रियेच्या वेळी भूल फक्त थेंबांची असते. माणूस पूर्ण जागा असतो आणि भीती बहुधा त्याचीच वाटते. पापण्या उघड्या ठेवणारी चाप बसते, समोरच्या दिव्याकडे बघायला सांगतात. फ्लॅप किंवा चकती कापताना डोळ्यावर निर्वात कडी बसवतात. तेव्हा दाब जाणवतो आणि लॅसिकमध्ये काही क्षण समोरचं सगळं काळं होऊ शकतं. हे आधी सांगितलेलं असेल तर माणूस स्थिर राहतो. सांगितलेलं नसेल तर त्याला वाटतं, दृष्टी गेली. मग लॅसिक आणि पीआरकेमध्ये एक्झायमरचा टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास येतो. डोळा भाजल्याचा तो वास नसतो, पण टेबलावर पडलेल्या माणसाला हे कुणी समजावलं नसेल तर तो घाबरणारच.

प्रत्यक्ष लेसर काही सेकंदांचा, दोन्ही डोळ्यांचं सगळं काम साधारण पंधरा-वीस मिनिटांचं. उठून बसताच भिंतीवरचं घड्याळ दिसलं, हा आनंद लॅसिक झालेले अनेक जण वर्षानुवर्षं सांगतात. ज्याचा नंबर सात-आठ आहे आणि जो सकाळी उठल्यावर उशाशी चष्मा चाचपडतो, त्याच्यासाठी हा क्षण किती मोठा आहे हे चष्मा नसलेल्याला कळणं अवघड आहे. हा आनंद खरा आहे, त्याला कमी लेखू नये.

पहिले आठवडे

लॅसिकनंतरचे पहिले चार-सहा तास डोळ्यांतून पाणी येतं, चुरचुरतं, उजेड सहन होत नाही. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसू लागतं. स्माइलमध्ये खुपणं कमी असतं, पण नजर पूर्ण स्वच्छ व्हायला काहींना थोडे जास्त दिवस लागतात. पीआरके झालेल्यांचा अनुभव निराळा आहे. वरची त्वचा भरून येईपर्यंत, म्हणजे तीन ते पाच दिवस, डोळ्यावर संरक्षक कॉन्टॅक्ट लेन्स असते. या दिवसांत बऱ्यापैकी दुखतं आणि नजर अनेक आठवडे हळूहळू सुधारत जाते. शेजारच्या टेबलावरच्या लॅसिकवाल्या मित्राशी तुलना करून पीआरकेवाला खचतो, कारण दोघांना एकच माहितीपत्रक दिलेलं असतं.

घरी आल्यावर प्रतिजैविकाचे, स्टेरॉइडचे आणि ओलाव्याचे थेंब, रात्री झोपताना डोळ्यांवर कवच, डोळे अजिबात चोळायचे नाहीत, काही दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, काजळ नाही, महिनाभर पोहणं नाही. यादी सगळीकडे साधारण हीच असते. पुण्यात ती पाळताना शहराचा विचार करावा लागतो. दुचाकीवर समोरून येणारी धूळ आणि खोदलेल्या रस्त्यांची माती टाळायची तर उघड्या हेल्मेटने भागत नाही, बंद चष्मा लागतो. रंगपंचमीच्या आठवड्यात किंवा ढोल-ताशा पथकाच्या सरावाच्या आणि गुलालाच्या दिवसांत शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असेल तर थांबावं. जुलै २०२३मध्ये आळंदीत अशी साथ मोठ्या प्रमाणावर पसरली होती, आणि ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्याला तो संसर्ग परवडणारा नाही.

फ्लॅपबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. फ्लॅप जागेवर बसतो, त्याच्या कडा भरतात, पण तो पूर्वीच्या ताकदीने कधीच जुळत नाही. डोळ्यावर जोराचा मार लागला तर तो वर्षांनंतरही सरकू शकतो. कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध खेळणाऱ्याने हे ऐकूनच पद्धत निवडावी.

कोरडे डोळे, रात्रीचे दिवे

सर्वाधिक तक्रारी दोन आहेत. पहिली कोरडेपणाची. कॉर्नियात शरीरातल्या कुठल्याही भागापेक्षा दाट मज्जातंतू असतात आणि डोळा कोरडा पडल्याची खबर तेच देतात. लॅसिकमध्ये फ्लॅप कापताना ते मोठ्या प्रमाणात तुटतात, स्माइलमध्ये कमी. ते पुन्हा वाढायला महिने, कधी त्याहून जास्त काळ लागतो. तोवर वाळू गेल्यासारखं खुपणं, दुपारनंतर अंधुक होणं, वारंवार थेंब घालावे लागणं चालू राहतं. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात उतरतो. थोड्यांचा टिकतो. अगदी मोजक्या लोकांना तपासणीत काही दिसत नसतानाही मज्जातंतूंची जळजळ छळत राहते.

पुण्यातल्या मोठ्या रुग्णवर्गाला हे थेट लागू आहे. वातानुकूलित कचेरीत दिवसाचे आठ-दहा तास पडद्यासमोर बसणाऱ्याची पापणी मुळातच कमी लवते. त्याचे डोळे शस्त्रक्रियेआधीच कोरडे असू शकतात आणि त्याला ते माहीत नसतं. अश्रूंची तपासणी आधी करून, कोरडेपणावर आधी उपचार करून मगच पुढे जाणं हा यावरचा साधा मार्ग आहे.

दुसरी तक्रार रात्रीची. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती खळं पडतं, त्यातून किरणं फुटल्यासारखी दिसतात, अंधुक उजेडात अक्षरांचा ठळकपणा हरवतो. द्रुतगती मार्गावर रात्री मुंबईहून परतणाऱ्याला हे जितकं जाचक वाटेल तितकं दिवसा वर्गात शिकवणाऱ्या शिक्षिकेला वाटणार नाही. तपासणीच्या खोलीत काळी अक्षरं, पांढरा तक्ता आणि भरपूर प्रकाश असतो. तिथे दोघांचीही नजर ६/६ भरेल.

समाधानी आणि तरीही त्रासलेले

या तक्रारी किती जणांना होतात, याचा रुग्णांच्याच तोंडून घेतलेला सर्वांत काळजीपूर्वक हिशोब अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या पुढाकाराने झाला. ‘प्राउल’ नावाचे हे दोन अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाले, एक नौदलातल्या २६२ जणांचा आणि दुसरा ३१२ नागरिकांचा. तीन महिन्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. मात्र शस्त्रक्रियेआधी दृष्टीचं एकही लक्षण नसलेल्यांपैकी नौदलाच्या गटात ४३ आणि नागरिकांच्या गटात ४६ टक्क्यांना खळं, चमक, किरणं, दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीतरी नव्याने दिसू लागलं होतं. आधी कोरडेपणा नसलेल्या सुमारे तीस टक्क्यांना तो जाणवू लागला. त्याच वेळी आधीपासून लक्षणं असलेल्या अनेकांची ती गेलीही, आणि या लक्षणांमुळे रोजच्या कामात फार अडचण येते असं सांगणारे एक टक्क्याहून कमी होते.

हे आकडे एकत्रच वाचायला हवेत. फक्त ९५ टक्के सांगणारा अर्धं सांगतो, फक्त ४३ टक्के सांगणारा घाबरवतो. बहुतेक माणसं चष्मा गेल्याच्या मोबदल्यात थोडं खळं, थोडा कोरडेपणा आनंदाने स्वीकारतात. ज्यांना असं काही होऊ शकतं हे आधी सांगितलंच नव्हतं, त्यांना तोच त्रास फसवणूक वाटतो.

याच अभ्यासातलं एक निरीक्षण सर्वांत महत्त्वाचं आहे. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा प्रश्नावलीत लक्षण नोंदवणारे रुग्ण दुपटीहून अधिक होते. समोर बसलेल्या डॉक्टरला ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारा माणूस कागदावर मात्र रात्री गाडी चालवताना त्रास होतो असं लिहितो. आपल्याकडे डॉक्टरांपुढे तक्रार करणं उद्धटपणाचं वाटतं आणि बाहेर रांग उभी असते. इथे हे अंतर त्याहून कमी असेल असं मानायला काही आधार नाही.

मायक्रॉनचा हिशोब

चांगला निकाल आणि गंभीर गुंतागुंत यांतली रेषा बहुधा शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरत नाही, आदल्या तपासणीत ठरते. नागपूरजवळच्या गावांत सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगिया यांनी जर्मन संशोधकांसह केलेल्या मोठ्या पाहणीत तीस वर्षांवरच्या लोकांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. पाश्चात्त्य पुस्तकांत ती साधारण ५४० किंवा त्याहून थोडी जास्त दिलेली असते.

या फरकाचा अर्थ बेरीज-वजाबाकीने कळतो. लॅसिकचा फ्लॅप सुमारे ११० मायक्रॉनचा. प्रत्येक डायऑप्टर नंबरासाठी साधारण १२ ते १५ मायक्रॉन ऊती उडवावी लागते. शेवटी तळाशी निदान २५०, आणि अनेक शल्यविशारदांच्या मते ३०० मायक्रॉन शिल्लक राहायला हवेत. ५१४ मायक्रॉनच्या डोळ्यात सहा नंबर काढला तर साधारण ३१४ उरतात, म्हणजे जेमतेम. ४८० मायक्रॉनच्या डोळ्यात तोच नंबर काढला तर २८० उरतात. त्याला पीआरके, डोळ्यात बसवायची लेन्स किंवा सरळ चष्मा हेच पर्याय सुचवायला हवेत.

त्याच पाहणीत कॉर्निया ठरावीक मर्यादेहून जास्त बाकदार असलेल्यांचं, म्हणजे केराटोकोनसची शंका असलेल्यांचं प्रमाण २.३ टक्के आढळलं. ही एकाच निकषावर मोजलेली ग्रामीण लोकसंख्या होती, ते प्रमाण पुण्यातल्या तरुणांना जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी इशारा स्पष्ट आहे. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत पुढे फुगतो. सुप्तावस्थेत असलेल्या अशा डोळ्यावर लेसर केला तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो फुगू लागतो आणि चष्म्यानेही नीट दिसेनासं होतं. लहानपणापासून ॲलर्जीमुळे डोळे चोळण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. कॉर्नियाचा नकाशा काढण्याआधी, आणि सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवण्याआधी, तारीख देणाऱ्या ठिकाणी थांबू नये. नंबर वर्षभर स्थिर नसेल, गर्भारपण किंवा स्तनपान चालू असेल, तर आणखी थांबावं. ‘तुम्हाला हे करता येणार नाही’ असं सांगणारा डॉक्टर रुग्णाचं सर्वांत मोठं भलं करतो, आणि त्याला त्याची फी मिळत नाही.

भरती आणि विमा

नोकरीसाठी लेसर करणाऱ्यांनी आधी जाहिरातीतली वैद्यकीय अट शब्दशः वाचावी. लष्करी अधिकारी भरतीत शस्त्रक्रियेच्या वेळी किमान वीस वर्षं वय, त्यानंतर किमान बारा महिने, कॉर्नियाची किमान ४५० मायक्रॉन जाडी आणि डोळ्याच्या लांबीची कमाल मर्यादा अशा अटी असतात, शाखेनुसार त्या बदलतात. खडकवासल्याच्या एनडीएत साडेसोळा ते साडेएकोणीस वयाची मुलं जातात. म्हणजे त्यासाठी घाईने लेसर करून घेणारा मुलगा स्वतःचंच दार बंद करून घेतो. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लॅसिक झालेला उमेदवार अपात्र ठरतो. ही अट भरतीच्या जाहिरातीत छापलेली असते, आणि झालेली शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही.

पैशांच्या बाबतीत, विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांनुसार ७.५ डायऑप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च आरोग्य विम्यात मिळत नाही. बहुतेकांना तो खिशातूनच करावा लागतो. म्हणून जाहिरातीतली रक्कम एका डोळ्याची की दोन्हींची, आणि वर्षभराच्या तपासण्या व गरज पडल्यास दुसरा लेसर त्यात धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

पुढची वीस-तीस वर्षं

तिशीत लेसर केलेल्याला चाळिशी येतेच. लेसर डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाला हात लावत नाही, त्यामुळे पंचेचाळिशीच्या आसपास वाचायचा चष्मा लागतो. हे आधी न सांगितल्याने ‘नंबर परत आला’ असा गैरसमज होतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मोठा वजा नंबर म्हणजे लांबट डोळा आणि त्याच्या आत मागच्या बाजूला ताणलेला पडदा, म्हणजे दृष्टिपटल. लेसरने चष्मा जातो, लांबी तशीच राहते. दृष्टिपटल फाटण्याचा, सुटण्याचा धोका कायम असतो. विजा चमकल्यासारखं दिसणं, अचानक काळे ठिपके वाढणं ही लक्षणं ‘आपला तर नंबर गेला’ म्हणून अंगावर काढू नयेत. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा.

तिसरी गोष्ट कागदांची. लेसरनंतर कॉर्निया पातळ झाल्याने डोळ्याचा दाब प्रत्यक्षाहून कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढण्याची नेहमीची सूत्रंही चुकू शकतात. त्या दिवशी डॉक्टर आधीचा नंबर, आधीची वक्रता, आधीची जाडी विचारतील. शस्त्रक्रियेआधीच्या सगळ्या तपासण्यांची प्रत घरच्या महत्त्वाच्या कागदांत जपून ठेवावी.

पुण्याने काय करावं

२००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती असते. निकडीच्या आजारात वेळ नसतो, इथे मात्र हवा तेवढा वेळ असतो. निरोगी डोळ्यावर, माणसाच्या स्वतःच्या इच्छेने होणाऱ्या या शस्त्रक्रियेत समजावून सांगण्याची जबाबदारी त्यामुळे जास्त आहे. शस्त्रक्रियेच्या सकाळी, डोळ्यांत थेंब घातल्यावर पुढे केलेल्या इंग्रजी अर्जावरची सही ही जबाबदारी पूर्ण करत नाही.

पुण्याच्या नेत्र रुग्णालयांना हे करून दाखवणं शक्य आहे. मराठीत लिहिलेलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र काही दिवस आधी घरी न्यायला द्यावं, पद्धतीनुसार वेगळं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर एक महिना, तीन महिने, एक वर्ष अशा टप्प्यांवर तीच साधी मराठी प्रश्नावली भरून घ्यावी : रात्री गाडी चालवताना कसं दिसतं, दिवसातून किती वेळा थेंब लागतात, काम करताना डोळे कधी थकतात, पुन्हा निर्णय घ्यायचा झाला तर काय कराल. या उत्तरांची बेरीज नावांशिवाय प्रसिद्ध करावी. किती जणांना शस्त्रक्रिया नाकारली, हा आकडाही त्यात असावा.

लेसरने लाखो लोकांना काचेविना जग दाखवलं, ही विज्ञानाची मोठी देणगी आहे. तिची पत ज्यांचा त्रास सरला नाही त्यांना गप्प करून वाढणार नाही, त्यांचं म्हणणं नोंदवून वाढेल. निर्णय घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला आपल्याच शहरातल्या, आपल्यासारखंच जगणाऱ्या हजारो डोळ्यांचा पूर्ण अनुभव आधी वाचायला मिळायला हवा. तो मिळाल्यावर होकार असो की नकार, तो त्याचा स्वतःचा असेल.